गोव्यात कुटलेला सुळा

डचांनी १६३७ साली वेंगुर्ल्यात वखार घातली ती काही इथल्या मिठा-मासळीसाठी नव्हे. त्यांची नजर दक्षिणेला, गोव्यावर होती. मांडवीच्या तोंडाशी पोर्तुगिजांची नाकेबंदी करणाऱ्या आपल्या गलबतांना पाणी, धान्य आणि बातम्या पुरवायला त्यांना एक बंदर हवे होते. ते गोव्याला जवळचे हवे आणि तरी पोर्तुगिजांच्या हाताबाहेरचे हवे. असे बंदर वेंगुर्ले होते. पडझड झालेल्या त्या वखारीचा इतिहास धुंडाळताना मला एका डच पुस्तकाकडे वळावे लागले, आणि तिथे एका दातापाशी मी जो अडकलो तो पुढची काही वर्षे सुटलो नाही.

ते पुस्तक यान हुइघेन व्हान लिन्शॉटेन याचे. १५८३ ते १५८८ या काळात तो गोव्यात आर्चबिशपच्या चाकरीत होता. मायदेशी परतल्यावर १५९६ मध्ये त्याने आपला प्रवासग्रंथ छापला आणि पोर्तुगिजांनी जपून ठेवलेल्या समुद्रवाटा डचांना घरबसल्या कळल्या. वेंगुर्ल्याच्या वखारीचा पहिला चिरा या पुस्तकाने बसवला असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होऊ नये. याच पुस्तकात सिंहलद्वीपातून लुटून आणलेल्या आणि गोव्यात जाळून टाकलेल्या एका दाताची हकीकत येते. लिन्शॉटेन त्याला माकडाचा दात म्हणतो. ज्यांच्यासाठी तो पूज्य होता ते त्याला भगवान बुद्धांचा सुळा म्हणत होते.

माणसाचा सुळा आणि माकडाचा सुळा हे दोन्ही एकदा तळहातावर घेऊन पाहिले तर पुन्हा त्यांत गल्लत होत नाही. मग १५६१ साली गोव्यात त्या दाताभोवती जमलेल्या एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांपैकी कोणी तो नीट पाहिला होता का, असा प्रश्न मला पडला.

घडले ते थोडक्यात असे. १५६० साली गोव्याचा व्हाइसरॉय दों कॉन्स्टांतिनो द ब्रागांसा आरमार घेऊन जाफन्यावर चालून गेला. जाफन्याच्या तमिळ राजाने १५४४ मध्ये मन्नारच्या नवख्रिस्त्यांची कत्तल केली होती, तिचा जाब विचारायचा होता. राज्य काही त्याच्या हाती टिकले नाही. मन्नारला किल्ला बांधून तो परतला. पण लुटीत सोन्यात बसवलेला एक दात सापडला होता, आणि हा साधा दात नव्हे हे बरोबरच्या लोकांना लगेच कळले.

बातमी बंगालचा उपसागर ओलांडून पेगूला पोचली. ब्रह्मदेशात तेव्हा बायिन्नौंग राज्य करत होता. त्या देशाच्या इतिहासात त्याच्याएवढा बलाढ्य राजा क्वचितच झाला असेल. त्याने दातासाठी गोव्याला वकील पाठवले. किती रक्कम देऊ केली याबद्दल एकमत नाही. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कूतो तीन-चार लाख क्रुझादो म्हणतो, तर लिन्शॉटेन सात लाख दुकाते म्हणतो. शिवाय मलाक्क्याच्या पोर्तुगीज ठाण्याला लागेल तेव्हा धान्य पुरवण्याचेही आश्वासन होते. गोव्याची तिजोरी रिकामी होती. कप्तान मंडळी सौद्याला अर्थातच राजी होती. कूतो तर सांगतो की दात पेगूला पोचवण्याची कामगिरी आपल्याला मिळावी, वाटेत बंदरोबंदरी त्याचे दर्शन घडवून पैसा करावा, असेही बेत काहींच्या मनात होते. हे वाचताना हसू येते, पण सोळाव्या शतकातल्या गोव्याचे याहून खरे चित्र दुसरे मिळणार नाही.

आर्चबिशप गास्पार द लियाँव परैरा मात्र हटून बसला. तो गोव्याचा पहिला आर्चबिशप. इन्क्विझिशनची कचेरीही गोव्यात १५६० सालीच सुरू झाली होती. मूर्तिपूजेला हातभार लावून मिळवलेला पैसा राजाच्याही कामाचा नाही, असे त्याचे म्हणणे. धर्मशास्त्री आणि सरदार यांची सभा भरली आणि निर्णय त्याच्या बाजूने लागला. खजिनदाराने दात आणून दिला. आर्चबिशपने सर्वांदेखत तो स्वतःच्या हाताने खलात टाकून कुटला, चूर्ण निखाऱ्यांवर जाळले आणि राख कोळशांसकट नदीत सोडली. सज्जांतून, खिडक्यांतून लोक पाहत होते. पुढे या पराक्रमाची आठवण म्हणून ‘सी’ हे अक्षर पाचदा असलेले एक बोधचिन्हही तयार झाले.

कूतो १५५९ पासून हिंदुस्थानात होता आणि पुढे गोव्याच्या दप्तरखान्याचा प्रमुख झाला. कागदपत्रे त्याच्या हाताखालचीच. तो रक्कम सांगतो, सभेला कोण कोण होते ते सांगतो, खल आणि शेगडी सांगतो. पण दात केवढा होता, सरळ की वाकडा, त्याला मूळ होते की नुसतेच टोक, रंग कसा, वरची झिलई शाबूत होती का, यांतले काही मला या घटनेच्या वर्णनांत सापडले नाही. ज्या वस्तूसाठी लाखोंचा सौदा नाकारला, त्या वस्तूकडे वस्तू म्हणून कोणी पाहिले नाही. त्यांच्या दृष्टीने ती काय आहे हे आधीच ठरलेले होते.

तेव्हा आता आपणच पाहू.

तोंडात दिसतो तो दाताचा भाग म्हणजे शीर्ष, जबड्याच्या हाडात गाडलेले ते मूळ, आणि दोघांच्या सीमेवर जी किंचित आवळलेली रेघ असते ती मान. शीर्षावर इनॅमलचा थर असतो. शरीरात याहून कठीण दुसरे काही नाही. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग निव्वळ खनिज असतो. आतले पिवळसर दंतिन, मुळावरचे पातळ सिमेंट आणि गाभ्यातला मऊ मगज मिळून बाकीचा दात होतो. प्रत्येक दाताला दंतवैद्य पाच बाजू मोजतात. एक ओठ-गालाकडची, एक जिभेकडची, एक चेहऱ्याच्या मध्यरेषेकडची, तिच्या उलट मागच्या दाताकडची, आणि पाचवी चावण्याची. या पाच बाजूंवरच्या उंचवट्यांची, कण्यांची आणि खाचांची ठेवण पाहून सुटा दात कोणता, वरचा की खालचा, उजवा की डावा हे सांगता येते. दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना सुट्या दातांची पिशवी देऊन हेच ओळखायला लावतात, आणि खडूच्या किंवा मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायलाही लावतात. कोरल्याशिवाय दात कळत नाही म्हणतात, ते मला पटते.

मोठ्या माणसाचे बत्तीस दात चार जातींचे. पुढच्या पटाशीच्या दातांना धार असते. नुकत्याच आलेल्या पटाशीच्या दाताची धार तीन बारीक गोंड्यांची असते. सात-आठ वर्षांचे मूल घरात असेल तर वाचकांनी जरूर पाहावे, कारण चावून चावून ते लवकरच सपाट होतात. उपदाढांना बहुधा दोन उंचवटे, दाढांना चार किंवा पाच, आणि त्यांच्या मधून खाचांची जाळी. वरच्या पहिल्या दाढेच्या जिभेकडच्या बाजूवर काही माणसांना एक जादा टेंगूळ असते. व्हिएन्नाच्या गेओर्ग काराबेली या दंतवैद्याने एकोणिसाव्या शतकात त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला आजही काराबेलीचे नाव आहे. कोणाच्या पटाशीच्या दाताची आतली बाजू दोन्ही कडा उचललेली, फावड्यासारखी असते. पूर्व आशियातल्या लोकांत आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत हे प्रमाण फार मोठे आहे. असे बारकावे बहुतांशी आईबापांकडून येतात, म्हणून ते जुन्या लोकसमूहांच्या शोधात उपयोगी पडतात.

पण आपल्याला हवा तो सुळा. सुळ्याला एकच टोक असते. ओठाकडच्या बाजूवर मधोमध टोकापासून मानेपर्यंत एक कणा उतरतो. जिभेकडे मानेजवळ एक गुबगुबीत उंचवटा असतो, त्यातूनही एक कणा निघतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना उथळ खळगे असतात. टोकाच्या दोन उतारांपैकी मध्यरेषेकडचा आखूड, मागचा लांब. मागची बाजू अधिक फुगीर आणि मुळाचे टोक बहुधा मागच्या दिशेला किंचित वळलेले. एवढ्या खुणांवरून सुळा उजवा की डावा ते ठरते. मूळ सगळ्या दातांत लांब. वरच्या सुळ्याचे शीर्ष सुमारे १० मिलिमीटर आणि मूळ सुमारे १७, म्हणजे सबंध दात २७ मिलिमीटरच्या आसपास.

माकडाचा वरचा सुळा पाहिला तर गोष्ट वेगळीच. आपल्या वाडीतल्या आंब्या-नारळांवर पोसलेला एखादा थोराड नर जांभई देतो तेव्हा तो दिसतोच. तो लांब आणि चपटा असतो, सुरीसारखा. मागची कड खालच्या उपदाढेवर घासून घासून धारदार झालेली. आणि पुढच्या बाजूवर एक खोल उभी खाच असते, ती शीर्षावरून थेट मुळावर उतरते. माणसाच्या सुळ्यावर अशी खाच नसते. ही खूण पाहायला भिंग लागत नाही, अंगठ्याचे नख फिरवले तरी पुरे. मादीचा सुळा आखूड असतो, पण घडण तीच.

ही तुलना १५६१ सालच्या माणसाकडून अपेक्षिणे म्हणजे आजची अक्कल त्याच्यावर लादणे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. व्हेसालियसचा शरीररचनेवरचा महाग्रंथ १५४३ सालीच छापून झाला होता. केवळ दातांच्या रचनेवरचे बार्तोलोमेओ युस्ताकीचे छोटे पुस्तक १५६३ मध्ये व्हेनिसला निघाले. आणि त्याच १५६३ साली खुद्द गोव्यात गार्सिया द ऑर्ताचे औषधी द्रव्यांवरचे संवाद छापले गेले. ऑर्ता वैद्य होता, दात कुटला गेला तेव्हा गोव्यातच राहत होता, आणि ग्रीक-रोमन ग्रंथांत काय लिहिले आहे यापेक्षा वस्तू हातात घेऊन काय दिसते याला जास्त मानणारा होता. त्याच्या संवादांत हस्तिदंत आणि हत्ती यांवरही एक प्रकरण आहे. दात आधी ऑर्ताकडे धाडला असता तर आपल्या हाती निदान अर्धे पान वर्णन लागले असते. तसे झाले नाही. १५६८ मध्ये ऑर्ता वारला. मूळचा ज्यू घराण्यातला, म्हणून १५८० साली इन्क्विझिशनने त्याची हाडे थडग्यातून उकरून काढली आणि जाळली.

गोव्यात दाताची राख झाली, पण दाताची कथा संपली नाही. एक दात गेल्यावर एकाहून अधिक दात पुढे आले. कोट्टेचा ख्रिस्ती झालेला राजा धर्मपाल याच्या दरबारातून बायिन्नौंगला कळवण्यात आले की खरा दात आमच्याकडेच सुखरूप आहे, आणि १५७६ मध्ये तो मोठ्या थाटामाटाने पेगूला पोचला. कूतोच्या म्हणण्याप्रमाणे हा दात धर्मपालाच्या कारभाऱ्याने सांबराच्या शिंगातून घडवून घेतला होता. खरे-खोटे कूतो जाणे. पण शिंगातून दात कोरला तर त्यावर इनॅमल येणार नाही, आणि पोटात सच्छिद्र भाग दिसेल. इतके पाहणारा कोणी पेगूत असता तरी त्याने ते बोलून दाखवले असते का, हा वेगळा प्रश्न.

सिंहली परंपरा वेगळे सांगते. तिच्या मते पोर्तुगिजांच्या हाती खरा धातू कधी लागलाच नाही. तो रत्नपुराजवळच्या देल्गमुव विहारात जात्यात दडवून ठेवला होता. जाते नाचणी दळायचे. सिंहलीत नाचणीला कुरक्कन म्हणतात आणि त्या जात्याची ओळख अजून त्याच नावाने आहे. भाकरीच्या पिठाच्या जात्यात कोणी राजवैभव शोधणार नाही, हे आपल्या कोकणी माणसाला वेगळे समजवायला नको. पुढे विमलधर्मसूर्य राजाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो दात कँडीला नेला. तिथल्या दळदा मालिगावात तो आजही आहे.

इथे शब्दांकडे थोडे वळावेसे वाटते. संस्कृतात दंष्ट्रा म्हणजे सुळा. पालीत त्याचे दाठा झाले. तेराव्या शतकात धम्मकित्ती थेराने याच दाताचा इतिहास पालीत काव्यबद्ध केला, त्याचे नाव ‘दाठावंस’. कलिंगातल्या दंतपुराहून राजकन्या हेममाला आणि तिचा पती दंतकुमार यांनी तो दात लंकेला कसा आणला ती कथा त्यात आहे. सिंहलीत दाठा-धातूचे दळदा झाले. मराठीत मात्र हाच दाठा ‘दाढ’ होऊन तोंडाच्या मागच्या भागात जाऊन बसला आणि पुढच्या टोकदार दाताला आपण सुळा म्हणू लागलो. तरी जुना अर्थ पुरता गेलेला नाही. माणूस यमाच्या दाढेतून सुटतो किंवा वराह पृथ्वी दाढेवर उचलतो तेव्हा ती दाढ अन्न दळणारी नसते, फाडणारीच असते. आणि पोर्तुगिजांनी माकड कुठून काढले? लंका म्हटली की हनुमंत आठवायला त्यांना गोव्या-कोकणातल्या लोकांनीच शिकवले असणार, असा माझा अंदाज.

या सगळ्या धाग्यांची पहिली पद्धतशीर जुळवणी आपल्या शेजारच्या बारदेशातल्या माणसाने केली. हडफडे गावचे डॉ. जुझे गर्सन द कुन्हा (१८४४–१९००). मुंबईत आणि विलायतेत वैद्यक शिकलेले आणि मुंबईत व्यवसाय करणारे हे डॉक्टर आज बहुधा मुंबईच्या उगमावरच्या ग्रंथामुळे आणि नाण्यांच्या अभ्यासामुळे आठवतात. चौल-वसईचा इतिहास त्यांनी लिहिला, सह्याद्रिखंडाची संहिता छापली, कोंकणी भाषेवरही लिहिले. त्यांचा लंकेच्या दंतधातूवरचा प्रबंध १८७५ सालचा. ज्या गोव्याच्या आर्चबिशपने दात कुटला त्याच गोव्याचा एक कॅथलिक, तीनशे वर्षांनी पाली, सिंहली आणि पोर्तुगीज साधने समोर ठेवून त्या दाताचा प्रवास लिहितो, ही गोष्ट मला प्रबंधातल्या कोणत्याही निष्कर्षापेक्षा मोठी वाटते.

कँडीच्या दाताची वर्णने मात्र आहेत, कारण १८१५ साली कँडीचे राज्य इंग्रजांच्या हाती गेले आणि काही वर्षे दाताचा ताबाही त्यांच्याकडे होता. जॉन डेव्ही या लष्करी डॉक्टरने तो पाहून चित्र काढले आणि १८२१ च्या आपल्या पुस्तकात छापले. सर जेम्स इमर्सन टेनंट १८५९ साली लिहितो की तो रंग उतरलेल्या, किंचित वाकलेल्या हस्तिदंताचा सुमारे दोन इंच लांबीचा तुकडा आहे आणि माणसापेक्षा मगरीच्या दाताशी त्याचे अधिक साम्य आहे. दोन इंच म्हणजे ५० मिलिमीटर, माणसाच्या सुळ्याच्या जवळजवळ दुप्पट. लांबीपुरते टेनंटचे म्हणणे बिनतोड आहे. मगरीचे मात्र त्याने सहज फेकले असावे. मगरीचा दात शंकूसारखा आणि बुडाशी पोकळ असतो, कारण जुन्या दाताच्या पोटातून नवा दात वर येत असतो. हस्तिदंत असेल तर आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. यांपैकी काही तपासल्याचे टेनंट सांगत नाही. आर्चबिशपच्या मनात आधीच उत्तर होते तसे टेनंटच्याही मनात होते, फरक इतकाच की टेनंटच्या हाती खल नव्हता.

आणखी एक. दातासमोर फुले ठेवणाऱ्याला ५० मिलिमीटरचा आकडा सांगून काही साधत नाही, आणि साधावे असे मला वाटतही नाही. १९५० साली श्रीलंकेत भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले होते. सहा वर्षांनी त्यांनी नागपुरात लाखोंना जो धम्म दिला त्याला दाताचा आधार लागला नाही. श्रद्धेचा प्रश्न आणि सुळ्याचा प्रश्न वेगवेगळे आहेत, आणि गोव्यात ते एका खलात घातले गेले हीच त्या दिवसाची गफलत होती.

पण दातच का, आणि त्यातही सुळाच का जपला जातो? तिसऱ्या दिवशी अस्थी वेचायला गेलेल्यांना याचे अर्धे उत्तर माहीत असते. चितेच्या आचेने तोंडातल्या दातांवरचे इनॅमल तडकून उडते, पण हाडात रुतलेली मुळे पुष्कळदा राहतात. सुळ्याचे मूळ सर्वांत लांब, म्हणून तो राहण्याची शक्यताही जास्त, असे मला वाटते.

गोव्यात कुटला गेला तो दात माणसाचा असेल तर त्याबरोबर काय गेले, हे आज अधिक नेमके सांगता येते. इनॅमल घडवणाऱ्या पेशी काम संपले की मरतात. त्यामुळे हाड आयुष्यभर स्वतःला बदलत राहते, तसे इनॅमलला करता येत नाही. ते एकदा जसे झाले तसे राहते. झिजेल, किडेल, तुटेल, पण नव्याने लिहिले जाणार नाही. कायमच्या सुळ्याचे शीर्ष मूल चार-पाच महिन्यांचे असताना घडू लागते आणि सहा-सात वर्षांपर्यंत पुरे होते. तिरप्या उजेडात भिंगाखाली धरले तर त्यावर आडव्या, केसाएवढ्या रेघा दिसतात. एकेक रेघ साधारण आठवड्याभराची. मोठे आजारपण किंवा उपासमार झाली तर त्या आठवड्यांच्या जागी पन्हळ किंवा खळग्यांची ओळ पडते. म्हणजे सुळ्याच्या दर्शनी बाजूवर त्या माणसाचे पहिल्या सहा वर्षांचे बालपण आडव्या ओळींत लिहिलेले असते. कपिलवस्तूच्या राजपुत्राचे असो किंवा जाफन्याच्या कोणा अनामिकाचे, एक बालपण त्या खलात होते.

अशी वाचने कल्पनेतली नाहीत. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावे त्याच्याशी जोडलेली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० पर्यंत तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. घरातले लहान मूल गेले की ते दोन मातीच्या रांजणांची तोंडे एकमेकांना जोडून त्यांत ठेवीत आणि घराच्याच जमिनीखाली पुरीत. आपण पडलेला दुधाचा दात कौलांवर फेकतो, पोराला नवा दात चांगला यावा म्हणून. त्या आयांनी दातांसकट अख्खे मूलच घरात ठेवून घेतले.

त्या मुलांचे दात अमेरिकेचे जॉन लुकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी एकेक करून तपासले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासाचा विषय सुळाच होता, दुधाचा. त्याच्या ओठाकडच्या बाजूवर कधीकधी एक गोलसर खळगा असतो, मोहरीच्या दाण्याएवढा. तिथे इनॅमल पातळ किंवा अजिबात नसते. दुधाच्या सुळ्याचे शीर्ष जन्माआधी घडू लागून पहिल्या वाढदिवसाच्या आत पुरे होते, आणि हा खळगा बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पडतो. वाढत्या दातावरचे हाडाचे कवच पोषणाअभावी पातळ राहिले आणि बाळाने तोंडाशी नेलेल्या मुठीचा किंवा कशाचा दाब तिथे आला, तर इनॅमल बसता बसता दुखावते, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. म्हणून अशा खळग्यांची मोजणी करून पाऊसपाणी आणि शेती बदलल्यावर इनामगावच्या तान्ह्या मुलांचे काय झाले हे ताडता येते.

या प्रश्नावर अजून शेवटचा शब्द झालेला नाही. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावसह दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन मुलांचे सांगाडे पुन्हा तपासले आणि २०११ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिले. हाडांच्या वाढीवरून त्यांना दिसलेले शेवटच्या काळातल्या मुलांचे हाल ठळक आहेत. हाड एक सांगते आणि दात दुसरे, असे झाले की अभ्यासक पुन्हा मूळ वस्तूकडे जातात. इनामगावच्या बाबतीत ती वस्तू आहे. मोहरीएवढे खळगे असलेले ते दुधाचे सुळे कोणी कुटलेले नाहीत.